गौरीच्या गळ्यातली ठेव

बँकेच्या पायऱ्या द्रौपदीबाई राऊळ उतरल्या त्या ओठ घट्ट मिटून. आत साहेबापुढं जे बोलायचं राहून गेलं होतं ते सगळं तोंडात गोळा झालं होतं, आणि घाटकोपरच्या त्या भर दुपारच्या रस्त्यावर ऐकायला ओळखीचं कुणी नव्हतं. केळेवाला म्हणाला, "मावशी, वेलची घ्या, गोड आहेत." त्याच्यावरच त्या खेकसल्या, "नको रे बाबा. माझं मलाच काही घेता येत नाही आता."

साहेब तसा वाईट नव्हता. त्यानं खुर्ची दिली, पाणी मागवलं. पण जे सांगितलं ते चार बाजूंनी विचारून पाहिलं तरी तेच राहिलं. द्रौपदीबाई कायमच्या कॅनडाला लेकीकडे जाणार, म्हणून त्यांना प्रवासापुरते थोडे डॉलर मिळतील. बाकीचे पैसे इथंच राहतील. त्यांच्याच नावावर, याच बँकेत, वर व्याजही चढेल. पण समुद्रापलीकडे जाणार नाहीत.

"म्हणजे माझे पैसे माझेच, पण माझ्या हातात नाहीत," द्रौपदीबाई म्हणाल्या होत्या.

"आहेत की. इथं आलात की काढा, इथं पाहिजे तेवढे खर्च करा. कुणी अडवणार नाही."

"मी इथं नसणार, म्हणून तर तुमच्याकडे आले ना?"

"बाई, नियम काही मी केलेला नाही. देशात परकीय चलनाची टंचाई आहे. प्रत्येक जण न्यायला लागला तर कसं व्हायचं?"

"मी देशाचं कुठं मागते? आमच्या ह्यांच्या फंडाचे पैसे आहेत. तीस वर्षं नोकरी केली त्यांनी."

साहेबानं चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पहिल्यापासून तेच सांगायला सुरुवात केली. तेव्हा द्रौपदीबाई उठल्या. एकोणीसशे शहाऐंशी सालची दिवाळी नुकतीच सरली होती, आणि मार्गशीर्षात त्यांचं विमान होतं.

हातात थोडे पैसे कमी असले तर एवढं काय बिघडणार होतं, असं कुणालाही वाटेल. लेक सख्खी, एकुलती एक. कमल टोरांटोच्या एका इस्पितळात नर्स होती. नवरा मराठीच, चांगल्या नोकरीत. दोघांनी मिळून आईला बोलावून घेतलं होतं, तिकीटसुद्धा तिकडूनच काढलं होतं. पण द्रौपदीबाईंच्या मनात नेमका तिथंच काटा होता. तिकीट त्यांनी कसंबसं गिळलं. पुढचं गिळवेना.

त्या लहानपणापासून एक पाहत आल्या होत्या. त्यांची थोरली बहीण गोव्याला दिलेली होती. वडील तिला भेटायला गेले, तर जाताना खांद्यावर तांदळाची पिशवी असायची. आपण जेवणार तेवढे तांदूळ बापानं बरोबर न्यायचे. निघताना जेवल्या ताटाखाली चार पैसे ठेवायचे आणि काही न बोलता चालू लागायचं. पुढं द्रौपदीबाईंचं लग्न होऊन त्या मुंबईला आल्या, तरी वडिलांनी तो नेम सोडला नाही. एकदा गुणाजी, म्हणजे द्रौपदीबाईंचे यजमान, चिडून म्हणाले होते, "माझ्या घरात मूठभर भात नाही काय तुमच्यासाठी?" वडील हसले आणि ताटाखाली पैसे ठेवूनच गेले. लेक दिली की दिली. तिच्या दारात हात पसरायचा नाही, आणि फुकट जेवायचंही नाही. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. ते अंगातच उतरलं होतं.

आणि आता त्या चार दिवस राहायला चालल्या नव्हत्या. मरेपर्यंत राहायला चालल्या होत्या. जपमाळ तुटली तर दोरा कुणाकडे मागायचा? नातवाला वाढदिवसाला काही घ्यायचं तर? जावयाच्या हातून पैसे घेऊन जावयाच्याच मुलाला खाऊ आणायचा?

कमलचा ट्रंककॉल शेजारच्या रतनबेनकडे यायचा, त्यांच्याकडे फोन होता. मागच्या वेळी द्रौपदीबाईंनी हे सगळं सांगून पाहिलं.

"आई, तू पण ना. मी काय परकी आहे?" कमल म्हणाली.

"तू नाहीस. घर तुझ्या नवऱ्याचं आहे."

"घर दोघांचं आहे. दोघं हप्ते भरतो."

"मग तर अर्धं परक्याचं आहे."

तिकडून बराच वेळ नुसती खरखर ऐकू आली, आणि ह्या खरखरीचेही पैसे लेक भरतेय, या विचारानं द्रौपदीबाईंनी फोन खाली ठेवला होता.

बँकेतून आल्या त्या दिवशीही त्या रतनबेनकडेच गेल्या. रतनबेनचं अर्धं माहेर आफ्रिकेत आणि उरलेलं लंडनला. अशा गोष्टी त्यांना स्वयंपाकासारख्या माहीत होत्या.

"तू तर एकदम भोळी, द्रौपदीबेन," रतनबेन भेंडी पुसता पुसता म्हणाल्या. "बँकेमधून कोण पैसा घेऊन जाते? माझी नणंद गेली ने, अंगावर घालून गेली. आपला दागिना आपण घातला तर कस्टमवाला काय बोलणार? फक्त जास्ती नाय पाहिजे. अगोदर वजन करून कागद घे, सगळं सरळ."

"मी काय घालणार? ह्यांच्या मागे माझ्या गळ्यात काही आहे का?"

"तुझ्याकडे ती माळ आहे ने? पुतळीवाली. दर वरसाला गौरीला घालते ती."

द्रौपदीबाईंनी पदर गळ्याभोवती ओढून घेतला.

"लाजते कशाला? तिकडे एवढी थंडी, वर कोट घालशील. विधवेच्या गळ्यात काय आहे ते कोण बघणार? तिकडे गेली की विकून टाक, डॉलर हातात."

द्रौपदीबाई घरी आल्या, दार लावलं आणि कपाटातून पितळेचा डबा काढला. मऊ मलमलीत गुंडाळलेली माळ मांडीवर घेऊन बसल्या.

पुतळी म्हणजे सोन्याचं पातळ, गोल नाणं, वर कडी लावलेलं. अशा पुतळ्या रेशमाच्या दोऱ्यात ओवून ती माळ झाली होती. तिच्यातली एकूण एक पुतळी द्रौपदीबाईंच्या कष्टाची होती, आणि हे जगात त्यांच्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं.

गुणाजी देवमाणूस होते. म्युनिसिपालिटीच्या पाणीखात्यात नोकरी, पगार ठीक, पण हात सैल. त्यातून गिरणीत कामाला असलेला धाकटा भाऊ जयवंत म्हणजे त्यांचा जीव. जयवंतला गावी विहीर खणायची आहे, दे. विहिरीला पाणी लागलं नाही, पंपाचे पैसे वाया गेले, पुन्हा दे. द्रौपदीबाईंनी विक्रोळीच्या कारखान्यातल्या गाववाल्या पोरांना जेवणाचे डबे द्यायला सुरुवात केली, ते पैसे तांदळाच्या पिंपात ठेवले, तर तेही गेले. गुणाजींनी विचारूनच घेतले, पण घेतले. "घरातच तर आहेत," ते म्हणायचे. घरातले पैसे घरातल्या सगळ्यांचे, असं त्यांचं साधं गणित होतं. त्या गणितावर द्रौपदीबाईंना रागही धड करता यायचा नाही.

मग एका भाद्रपदात त्यांना सुचलं. राऊळांचा गणपती तेव्हा त्यांच्याच खोलीत बसायचा, आणि गौरही तिथंच यायची. त्यांनी वर्षभराच्या डब्यांच्या कमाईतून एक पुतळी घडवली. गौर सजवताना सगळ्या बायकांच्या देखत हळदकुंकू लावून ती दोऱ्यात ओवली आणि मोठ्यानं म्हणाल्या, "आई, ही तुझ्या गळ्यात." आणि मनात म्हणाल्या, "ठेव आहे हं. सांभाळ."

त्या दिवसापासून त्या सोन्याला कुणी नजरसुद्धा लावली नाही. गुणाजी उलट खूश झाले, चार लोकांत कौतुकानं सांगू लागले. दर भाद्रपदात एक पुतळी वाढत गेली. डबे चांगले चालले त्या वर्षी दोन. बँकेच्या तिजोरीला फोडणारे भेटतील, पण गौरीच्या गळ्याला हात घालणारा राऊळांच्या घरात कुणी नव्हता. दोन वर्षांपूर्वी गुणाजी गेले. विधवेनं गौर सजवायची नाही म्हणून गौर मुलुंडला जयवंतकडे गेली, त्याची बायको प्रेमा तिचं सगळं करू लागली. पण माळ द्रौपदीबाईंच्याच कपाटात राहिली. सणाला त्या ती घेऊन जायच्या आणि विसर्जनानंतर परत आणायच्या.

"तुझी म्हणाले खरी," त्या आता मांडीवरच्या माळेला म्हणाल्या, "पण ठेवही म्हणाले होते. ते ऐकलंस ना?"

दुसऱ्या दिवशी जयवंत आला. द्रौपदीबाईंना वाटलं, निघायची तयारी विचारायला आला असेल. तो चहा पीत इकडचं तिकडचं बोलला, मग म्हणाला, "वैनी, एक सांगूचा होता. मी नवा लोखंडी कपाट घेतलंय. आत लॉकर हा. तुमी जाताना गौरीचा डाग आमच्याकडे देऊन जावा. म्हणजे तुमच्या जिवाक घोर नको."

"कसला डाग?"

"माळ ओ. पुतळ्यांची. ती काय तुमी कॅनडाक नेतलास?" तो आपल्याच विनोदावर हसला.

द्रौपदीबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "रविवारी येते मी मुलुंडला. प्रेमा असू दे घरी. तेव्हा बोलू."

रविवार उजाडेपर्यंत त्यांची चिडचिड विचारू नका. दूध उतू गेलं, डब्यांची शेवटची गिऱ्हाइकं दुसरीकडे लावून दिली होती त्यातला एक जण उगाच हिशेबाला आला, त्याला झापलं. सगळ्यात जास्त चीड येत होती ती ह्याची, की आपल्या हक्काच्या वस्तूसाठी आपल्यालाच शब्द शोधावे लागताहेत. सरकारनं एक कुलूप लावलं, ते परकं होतं, त्याला शिव्या देता येत होत्या. हे दुसरं कुलूप त्यांनी स्वतःच्या हातानं लावलं होतं, आणि इतकं पक्कं, की आता त्यांनाच ते उघडेना.

मुलुंडला प्रेमानं पोहे केले होते. जयवंतनं नवं कपाट उघडून दाखवलं, लॉकरची किल्ली दोनदा फिरवून दाखवली. द्रौपदीबाईंनी पोह्यांची बशी बाजूला ठेवली आणि एकदाचं बोलून टाकलं.

"भावजी, ती माळ गौरीची नाही. माझी आहे. माझ्या डब्यांच्या पैशांची. घरात पैसा टिकत नव्हता म्हणून मी गौरीच्या गळ्यात ठेवली. आता जाताना ती मी नेणार."

जयवंतला आधी समजलंच नाही. "तुमच्या पैशाची ती असतलीच ओ. पण दिलास ना गौरीक?"

"दिली नाही. ठेवली."

"तुमी मोठ्यान् बोललास. मी स्वतः ऐकलंय. 'आई, ही तुझ्या गळ्यात.' दर वर्षी बोलल्यात."

"मनात वेगळं बोलले."

"मनातला आमका कसा ऐकू येतला, वैनी?" जयवंत खरोखरच गोंधळला होता, आणि त्यामुळं द्रौपदीबाईंचा पारा आणखी चढला.

"नसेल ऐकू आलं. जिला ऐकू यायचं तिला आलं. भावजी, तुमच्या विहिरीत किती गेलं माहीत आहे ना? पंपात किती? मी कधी मागितलं? हे एवढं माझं मी वाचवलं, तेही आता कपाट दाखवून मागताय?"

जयवंतचा चेहरा पडला. तो किल्ली हातात घेऊन नुसताच उभा राहिला. तेव्हा इतका वेळ ओट्यापाशी उभी असलेली प्रेमा हात पुसत पुढं आली. ती लालबागच्या चाळीत वाढलेली, बोलायला तुटक.

"वैनी, संपाचं वर्ष आठवतंय?"

"न आठवायला काय झालं? तुझी दोन्ही पोरं माझ्याकडे जेवत होती."

"जेवत होती. तुमचे उपकार. मी ते नाही म्हणत. गिरणी बंद, ह्यांना काम नाही. श्रावणात धाकटीला टायफॉइड झाला. तेव्हा ह्यांनी मला विचारलं, वैनींकडे माळ आहे, चार पुतळ्या मागूया का. मी काय म्हणाले सांगा हो." ती नवऱ्याकडे वळली.

जयवंत खाली बघत म्हणाला, "गौरीच्या वस्तूक हात लावूचा नाय, बोललीस."

"आणि माझ्या बांगड्या विकल्या. माझ्या आईनं घातलेल्या. गौर आली तेव्हा हातात नुसत्या काचेच्या होत्या." प्रेमाचा आवाज चढला नाही. "तुम्ही त्या वर्षीसुद्धा पुतळी ओवलीत. मी शेजारी बसले होते, हळदकुंकवाचं ताट धरून. मी हात जोडले. तेव्हा म्हणाला असतात, की ही माझी आहे, तर मी मागितली असती, वैनी. पदर पसरून मागितली असती. तुम्ही देवाची म्हणालात. देवाकडे पोरीचं दुखणं बरं कर म्हणून मागतात, सोनं काढून दे म्हणून नाही मागत."

द्रौपदीबाईंच्या तोंडाशी उत्तर आलं होतं. माझ्या कष्टाचं, माझ्या चुलीपुढं बसून मिळवलेलं. ते खरंच होतं, अगदी खरं होतं. पण प्रेमाच्या हातांत आजही काचेच्याच बांगड्या होत्या.

"न्यायची तर न्या," प्रेमा म्हणाली. "मला विचारू नका. मला विचारायचं ते चार वर्षांपूर्वी होतं." आणि ती पोह्यांची बशी उचलून आत गेली.

पुढचे दिवस द्रौपदीबाईंनी देवाशी भांडण्यात काढले. तिन्ही त्रिकाळ नेम करणारी बाई, पण त्या दिवसांत त्यांची पूजा म्हणजे नुसती तक्रार झाली. फूल वाहता वाहता म्हणायच्या, "तुला माहीत होतं ना ठेव आहे म्हणून? मग त्या वेळी मला सांगायला काय झालं होतं, की बाई, जावेच्या हातांकडे बघ? सगळ्यांच्या मनात बोलतेस, माझ्या मनात का नाही बोललीस?" निरांजन लावताना रागानं काडी अशी ओढायच्या, की ती मोडायची. आणि राग गौरीवर आहे, प्रेमावर आहे, की आणखी कुणावर, हे त्यांचं त्यांनाच उमगत नव्हतं.

मध्येच कमलचा फोन आला. "आई, बँकेचं झालं का?"

"झालं. काही मिळत नाही."

"बरं झालं. कटकट गेली. तुला इथं लागणार काय आहे?"

"तुझ्या आजोबांनी ताटाखाली पैसे ठेवले नसते, तर मला कळलं नसतं काय लागतं ते," द्रौपदीबाई म्हणाल्या, पण लाइनीवर कमलला ऐकू गेलं नसावं. ती "काय? काय?" करत राहिली.

मनातलं मोठं की तोंडातलं, हा प्रश्न त्यांनी जितका उलटासुलटा केला तितका एकाच जागी येऊन थांबायचा. त्यांनी मनात जे म्हटलं त्याच्यावर कुणीच काही सोसलं नव्हतं. तोंडानं जे म्हटलं त्याच्यावर मात्र एका बाईनं आपल्या आईचं सोनं सोनाराच्या काट्यावर ठेवलं होतं. गौरीनं ठेव मान्य केली असेल, नसेल. प्रेमानं शब्द मान्य केला होता, आणि तो खरा धरून चालली होती.

एका सकाळी त्यांनी माळ पुन्हा मलमलीत गुंडाळली, पिशवीत घातली आणि आधी बँकेत गेल्या. साहेबानं त्यांना पाहून मान खाली घातली, पण ह्या वेळी द्रौपदीबाई भांडल्या नाहीत. "खात्यातले बरेचसे काढायचेत," एवढंच म्हणाल्या.

साहेबाचा चेहरा उजळला. "बघा, मी म्हटलं होतं ना? इथं खर्च करायला काही अडचण नाही."

"तुम्ही बोलू नका साहेब," द्रौपदीबाई म्हणाल्या. "तुम्ही बोललात की माझं डोकं फिरतं."

मुलुंडला प्रेमा दळण निवडत होती. "चल," द्रौपदीबाई दारातूनच म्हणाल्या.

"कुठं?"

"चल म्हटलं ना. चप्पल घाल."

"वैनी, माझी कणीक मळायची आहे."

"परत येऊन मळ. मला मार्गशीर्षापर्यंतच वेळ आहे, तुला कणकेला जन्म आहे."

सोनाराच्या दुकानाशी आल्यावर प्रेमाच्या लक्षात आलं. ती पायरीवरच थांबली. "माळ विकायला मला कशाला आणलंत? साक्षीदार पाहिजे काय?"

"माळ विकायची नाही. तुझ्या हाताचं माप द्यायचंय. बांगड्यांना."

प्रेमानं त्यांच्याकडे बघितलं. "कुठल्या पैशानं?"

"ह्यांच्या फंडाच्या. ते मला नेता येत नाहीत. नुसते पडून राहायचे इथं."

"अच्छा," प्रेमा म्हणाली. "म्हणजे टाकाऊ पैशाच्या बांगड्या."

द्रौपदीबाईंना वाटलं, आत्ताच्या आत्ता पाठ फिरवावी आणि घर गाठावं.  एवढं करूनही हिला टोमणाच सुचतो. पण त्या गेल्या नाहीत, कारण टोमणा खोटा नव्हता. न नेता येणारा पैसा द्यायला काय लागतं?

"टाकाऊ म्हण," त्या म्हणाल्या. "त्या वर्षी पुतळी ओवताना मी तुझ्या हातांकडे बघितलं होतं, प्रेमा. काचेच्या आहेत हे दिसलं होतं मला. दिसलं म्हणूनच पुन्हा बघितलं नाही. आता तुला काय म्हणायचं ते म्हण, पण पायरीवर उभी राहून म्हणू नको, लोक बघताहेत."

प्रेमानं पायरीवर चपला काढल्या. ती दुकानात शिरली, गादीवर बसली आणि तोंड दुसरीकडे करून उजवा हात सोनारापुढं धरला. सोनारानं मापाच्या कड्या एकेक करून चढवून पाहिल्या. तिच्या हाताची हाडं मोठी, त्यात कामानं पंजा रुंद झालेला. लहान कडी अडकली, तेव्हा तिनं "आई गं" केलं आणि मग स्वतःच पुटपुटली, "जुन्या असत्या तरी आता चढल्या नसत्या."

सोन्याचा भाव ऐकून द्रौपदीबाईंनी तो सोनाराला दोनदा म्हणायला लावला. घडवताना सोनं घटतं त्या तुटीचे पैसे त्यांनी धरले होते, पण घडणावळ सोनारानं वर वेगळी लावली. घासाघीस करून करून दोघी घामाघूम झाल्या. तिथं मात्र जावा एक झाल्या. एक म्हणायची "दुसरीकडे जाऊ", दुसरी लगेच पिशवी उचलायची. शेवटी सोनारानं थोडं सोडलं, आणि द्रौपदीबाईंनी पिशवीतले होते नव्हते ते सगळे पैसे गादीवर ठेवले.

बाहेर आल्यावर त्यांनी मलमलीचं गाठोडं प्रेमाच्या हातात दिलं. "ही घे. भावजींच्या त्या कपाटात ठेव. किल्ली तुझ्याकडे ठेव, त्यांच्याकडे नको."

"म्हणजे?"

"गौरीची आहे. मी एकदा तोंडानं बोलले ना."

प्रेमानं गाठोडं छातीशी धरलं. "आणि तिकडे जावयाच्या घरी? हातात काही नसताना कसं कराल?"

"काय करणार? डॉक्टर म्हणेल तितके दिवस जगेन आणि रोज कुणाकडे तरी मागत बसेन," द्रौपदीबाई तडकून म्हणाल्या. "कमलकडे मागीन, जावयाकडे मागीन. मागता येत नाही मला, शिकेन. ह्या वयात बायका इंग्रजी शिकतात, मी हे शिकेन."

"जमणार नाही तुम्हाला."

"जमेल, नाहीतर नाही जमणार. तुला काय करायचंय?"

दोघी बसच्या थांब्यापाशी आल्या. प्रेमाला पलीकडच्या गल्लीत वळायचं होतं, घरी कणीक वाट बघत होती, तरी ती थांबली. द्रौपदीबाईंनी कनवटीची चंची काढली, उघडली, उलटी करून पाहिली. मग पिशवी चाचपली. सोनारानं घडणावळीत शेवटची नाणीसुद्धा मोजून घेतली होती. त्यांनी चंची पुन्हा कनवटीला खोचली आणि येणाऱ्या बसकडे बघत उभ्या राहिल्या. बस आली, थांबली, माणसं चढली आणि ती निघून गेली.

"तुमची नव्हती का ती?" प्रेमानं विचारलं.

"होती."

"मग?"

द्रौपदीबाईंनी मोठा श्वास घेतला. कपाळावर आठ्या होत्या, आवाज तर असा, जणू समोरचीच काही देणं लागत होती.

"प्रेमा, मला घाटकोपरपर्यंतचे बसचे पैसे दे."

प्रेमानं पाकीट उघडलं. आत बोटं घालून शोधत म्हणाली, "सुटे देते. आणि अशा रागानं मागितलंत तर जावई देणार नाही हं. जरा हळू मागायचं."

"देतेस की परत जाऊ चालत?"

प्रेमानं त्यांच्या तळहातावर नाणी ठेवली. द्रौपदीबाईंनी ती न मोजता मुठीत धरली आणि पुढच्या बसची वाट बघत उभ्या राहिल्या.